जर्मनीचा आकडा पाहिलात, मुलीचं म्हणणं ऐकलंत का?

नमस्कार,

तुमचं पत्र वाचलं, सोबत जोडलेला तक्ताही पाहिला. शिरोली एमआयडीसीत तुमची फौंड्री (लोखंडाच्या ओतकामाचा कारखाना) आहे, निम्मा माल जर्मनीला जातो, मुलगी बीकॉमच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि तिला तिकडेच इंटरनॅशनल बिझनेसच्या मास्टर्सला पाठवायचं तुम्ही नक्की केलं आहे. कारण तक्त्यात आहे: पॉवर डिस्टन्स, म्हणजे वरच्या-खालच्यांतलं अधिकाराचं अंतर लोक किती मान्य करतात त्याचा आकडा, भारताचा ७७, जर्मनीचा ३५. तिथली माणसं साहेबाच्या तोंडावर खरं बोलतात, मुलगी तिथे शिकली की धंद्याला वळण लागेल, असं तुम्ही म्हणता. आणि पत्राच्या अगदी तळाशी एक ओळ: ‘ती सीएमए (कॉस्ट अकाउंटंटचा अभ्यासक्रम) करायचं म्हणते, पण तिला त्यातलं काय कळतंय?’

मला काळजी वाटली ती या ओळीची. मुलीच्या मार्कांची मुळीच नाही.

याच पत्रात तुम्ही तक्रार म्हणून एक प्रसंग लिहिला आहे. दिवाळीच्या सुमारास तुमचे कास्टिंग तिकडे मशिनिंगला लागले, वरचा थर निघाल्यावर आत ब्लोहोल (वायूमुळे राहिलेल्या पोकळ्या) दिसले आणि सगळा लॉट नाकारला गेला. ग्राहकाने ८डी रिपोर्ट मागितला, म्हणजे दोषाचं मूळ कारण आणि उपाय आठ टप्प्यांत मांडणारा अहवाल. तुम्ही कळवलंत, ‘कामगाराच्या दुर्लक्षामुळे झालं, पुन्हा होणार नाही.’ त्याने दोन ओळींत उत्तर दिलं की हे मूळ कारण नव्हे, आणि इतक्या वर्षांच्या संबंधानंतरची ही भाषा तुम्हाला अपमानाची वाटली. मग मुलगी शेडमध्ये गेली, मोल्डिंगवरच्या पोरांशी बोलत बसली. तिला कळलं की त्या पाळीला वाळूत ओलावा जास्त होता. साचे भरणाऱ्याला ते हाताला जाणवलं होतं, पण सुपरवायझर ओरडेल म्हणून तो गप्प राहिला. तिने रिपोर्टच्या चौथ्या, मूळ कारणाच्या टप्प्यात हे जसंच्या तसं लिहिलं, ओलावा दर पाळीला किती वेळा तपासायचा आणि जास्त निघाला तर साचे भरणं कुणी थांबवायचं तेही घातलं, आणि ग्राहकाने रिपोर्ट मान्य केला. एवढं सांगून तुम्ही पुढे लिहिता, ‘मालकाच्या मुलीने कामगारांत जाऊन बसणं मला पटलं नाही.’

दादा, स्पष्ट बोलते, राग मानू नका. जे शिकायला तुम्ही तिला हजारो मैलांवर धाडताय ते ती तुमच्याच शेडमध्ये करून मोकळी झाली आहे. वाईट बातमी वरपर्यंत पोचत नाही हा तुमच्या कारखान्याचा दोष तिने शोधला. घरातही तोच दोष आहे. ती सीएमए म्हणते, ते तुमच्यापर्यंत पोचूनही ऐकलं गेलेलं नाही.

आता त्या तक्त्याबद्दल, कारण हा गैरसमज फक्त तुमचा नाही. हे आकडे डच अभ्यासक खेर्ट हॉफस्टेड यांच्या कामातून आले. १९६७ ते १९७३ या काळात आयबीएमच्या देशोदेशीच्या कर्मचाऱ्यांकडून लाखाहून जास्त प्रश्नावल्या भरून घेतल्या होत्या, त्यावरून त्यांनी १९८० च्या ग्रंथात चाळीस देशांची तुलना मांडली. म्हणजे मुळात एका कंपनीची माणसं, तीही पन्नास वर्षांपूर्वीची. जर्मनी तेव्हा दुभंगलेला होता आणि पाहणी पश्चिम जर्मनीतली होती. पूर्व जर्मनीतल्या लाइपझिग किंवा ड्रेस्डेनचा माणूस त्यात नाहीच. शिवाय हा आकडा देशाची सरासरी सांगतो, समोरच्या माणसाचा स्वभाव सांगत नाही. हॉफस्टेड यांनी स्वतः हा इशारा दिलेला आहे. आकड्यांवरच देश निवडायचा असेल तर ऑस्ट्रियाचा पॉवर डिस्टन्स ११ आहे, तिथेही जर्मनच बोलतात; मग जर्मनी कशाला? तक्ता उपयोगी पडतो तो प्रश्न सुचण्यापुरता. ग्राहकाची मेल तुटक आली तर ‘हा चिडलाय की याची रीतच अशी आहे?’ एवढं मनाशी विचारता आलं, की त्याचं काम झालं.

आणि संस्कृती हे दगडावरचं कोरीव काम नाही. मारुतीचंच बघा. १९८२ मध्ये सुझुकीशी करार झाला आणि गुरगावच्या कारखान्यात मॅनेजरपासून कामगारापर्यंत एकच गणवेश, एकच कॅन्टीन आली, साहेबांच्या बंद केबिनी गेल्या. सरकारी कंपनीत, त्या काळच्या भारतात, वरिष्ठांनी ताट घेऊन रांगेत उभं राहणं ही साधी गोष्ट नव्हती. तरी ते झालं, कारण वरून ठरलं आणि वरच्यांनी आधी पाळलं. पण म्हणून सगळं सुरळीत झालं असंही नाही. त्याच कंपनीच्या मानेसर कारखान्यात २०१२ मध्ये हिंसाचार झाला, एका अधिकाऱ्याचा जीव गेला. कंत्राटी कामगार, पगार आणि युनियनचे प्रश्न एका गणवेशाखाली झाकले जात नाहीत. वॉलमार्ट या अमेरिकी दुकानसाखळीचंही तसंच. १९९७ ला जर्मनीत गेली, २००६ ला दुकानं मेट्रो या जर्मन कंपनीला विकून परतली. दारात हसून स्वागत करणं जर्मनांना रुचलं नाही, ही गोष्ट सगळे रंगवून सांगतात. आल्डी आणि लिडल या तिथल्या स्वस्त दुकानांच्या भावांपुढे टिकता आलं नाही, तिथले कामगार कायदे आणि युनियन समजून घेतल्या नाहीत, हे मात्र कमी लोक सांगतात. संस्कृतीच्या नावावर हिशेबातल्या चुका खपवण्याची सवय मॅनेजमेंटच्या वर्गांत फार आहे.

त्यामुळे माझा सल्ला: मास्टर्स सध्या नको. कॅट, एमबीए सीईटी, जर्मनीसाठी एपीएस प्रमाणपत्र (शिक्षणाच्या कागदपत्रांची पडताळणी), ही माहिती कुठेही मिळेल आणि दोन-तीन वर्षांनी तिला वाटलं तर हे सगळे रस्ते उघडेच आहेत.

तिला सीएमए करू द्या. तुम्हाला ते ‘हिशेबनिसाचं काम’ वाटतं, पण तुमचा जर्मन ग्राहक भावावर बोलायला बसतो तेव्हा काय मागतो? कॉस्ट ब्रेकअप. कच्चं लोखंड किती, वीज किती, रिजेक्शन किती धरलं, मशिनिंगचा तासाचा दर काय. तिथे ‘संबंध जुने आहेत, थोडं बघा’ चालत नाही. प्रत्येक आकड्यामागचं कारण सांगणारा माणूस लागतो. तो माणूस घरातच तयार होत असताना तुम्ही अडवताय. बीकॉम झाल्यावर तिला फाउंडेशन ही पहिली परीक्षा द्यावी लागणार नाही, थेट इंटरमिजिएटला बसता येईल. परीक्षा जून आणि डिसेंबरमध्ये होतात.

प्रॅक्टिकल ट्रेनिंग मात्र तुमच्या फौंड्रीत नको. बाहेर करू द्या, जिथे तिला कुणी मालकाची मुलगी म्हणून ओळखत नाही आणि चुकली तर ऐकून घ्यावं लागेल. पुण्या-चाकणच्या पट्ट्यात जर्मन कंपन्या आहेत. आणि पुण्याच्या भारत फोर्जने २००४ मध्ये जर्मनीतली पेडिंगहाउस ही फोर्जिंग कंपनी विकत घेतली, त्यामुळे जर्मन माणसांबरोबर काम म्हणजे कायम त्यांच्याकडून शिकणंच असतं, असंही समजू नका.

जर्मन भाषेबद्दल तुम्ही विचारलंय. उपयोगी आहे, पण ए-वन, ए-टू या सुरुवातीच्या पातळ्या करून सोडलं तर फक्त बायोडेटात दिसते. बी-टूपर्यंत नेलं तर मीटिंगमध्ये समोरचे आपसात काय बोलतात ते कळतं. पुण्यात मॅक्सम्युलर भवन आहे, कोल्हापुरातून ऑनलाइनही करता येतं. सीएमएच्या अभ्यासासोबत तिला ते झेपेल का, हे तिला विचारून ठरवा. आणि साचे भरणाऱ्या त्या मुलावर कारवाई करायचं तुम्ही लिहिलंय, ती करू नका. त्याला शिक्षा झाली तर पुढच्या वेळी तुमच्या मुलीलाही शेडमध्ये कुणी काही सांगणार नाही.