निवडून आला कोण? केंटकी, १८९९ : वाचकांचे प्रश्न

अमेरिकेत पदावर असताना खून झालेला राज्याचा गव्हर्नर आजवर एकच, केंटकीचा विल्यम गोबेल. गेल्या अंकात हे एवढंच वाक्य ओझरतं आलं होतं, त्यावर बरेच प्रश्न आले. त्यातले निवडक इथे घेतले आहेत. सारखेच असलेले प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : एका ठिकाणी १८९९ची निवडणूक विल्यम टेलर जिंकले असं वाचलं, दुसरीकडे गोबेल गव्हर्नर झाले असं. यातलं खरं कोणतं?

दोन्ही खरं आहे. ७ नोव्हेंबर १८९९च्या मतदानाची जाहीर झालेली मोजणी अशी : रिपब्लिकन टेलर १,९३,७१४, डेमोक्रॅट गोबेल १,९१,३३१. फरक २,३८३ मतांचा, म्हणजे सुमारे चार लाखांत शेकडा एकाहूनही कमी. डेमोक्रॅटिक पक्षातून फुटलेल्या गटाचे उमेदवार, माजी गव्हर्नर जॉन यंग ब्राउन, यांना १२,०४० मतं पडली. गोबेलना पाडलं ते याच मतांनी, असं म्हणायला हरकत नाही. १२ डिसेंबरला टेलरनी शपथ घेतली आणि कारभार सुरू केला. पुढे विधिमंडळाने काही मतं बाद ठरवून गोबेलना विजयी घोषित केलं. एका यादीत मोजणी असते, दुसरीत विधिमंडळाचा निर्णय. कुठलाही आकडा उचलण्याआधी तो यातल्या कोणत्या टप्प्यावरचा आहे ते पाहावं.

प्रश्न : ‘गोबेल कायद्या’मुळे गोबेल गव्हर्नर झाले, हे बरोबर आहे का?

नाही, आणि ही चूक फार सर्रास होते. कायदा काय होता ते आधी पाहू.

केंटकी हा डेमोक्रॅटांचा गड. पण १८९५ मध्ये विल्यम ब्रॅडली ८,९१२ मतांच्या आघाडीने राज्याचे पहिले रिपब्लिकन गव्हर्नर झाले, आणि १८९६ मध्ये अध्यक्षपदासाठी रिपब्लिकन मॅकिन्ली यांनी तीनशेहून कमी मतांनी राज्य जिंकलं. शहरांत आणि डोंगराळ पूर्वेकडे मोजणीत गडबड होते, अशी डेमोक्रॅटांची ओरड होती. त्यावर राज्याच्या सिनेटमधले त्यांचे नेते गोबेल यांनी १८९८ मध्ये उपाय आणला : तीन जणांचं राज्य निवडणूक मंडळ. ते विधिमंडळाने नेमायचं. त्या मंडळाने दर काउंटीत (म्हणजे जिल्ह्यात) तीन-तीन आयुक्त नेमायचे. मतदान केंद्रांवरची माणसं आणि काउंटीची मोजणी या आयुक्तांच्या हाती. विधिमंडळात बहुमत डेमोक्रॅटांचं, त्यामुळे वरपासून खालपर्यंत साखळी एकाच पक्षाची. ब्रॅडलींनी नकाराधिकार वापरला, पण केंटकीत तो उलटवायला दोन तृतीयांश लागत नाहीत, दोन्ही सभागृहांतल्या एकूण सदस्यांचं साधं बहुमत पुरतं. कायदा झाला.

आता गंमत पाहा. १८९९ मध्ये या मंडळावर तिघेही डेमोक्रॅट होते आणि त्यांनी दोन विरुद्ध एक मतांनी विजयी ठरवलं ते टेलरना. त्यांतल्या प्रायर आणि एलिस यांचं म्हणणं असं, की आमचं काम काउंट्यांतून आलेल्या आकड्यांची बेरीज करण्याचं, त्या आकड्यांच्या मागे जाऊन मतं खरी की खोटी हे तपासणारं न्यायालय आम्ही नव्हे. पॉइन्ट्झ एकटेच गोबेलच्या बाजूचे. म्हणजे गोबेलचा स्वतःचा कायदा त्यांच्याच उपयोगी पडला नाही. उपयोगी पडली ती केंटकीच्या राज्यघटनेतली तरतूद : गव्हर्नरपदाच्या निवडणुकीवर हरकत आली तर निकाल विधिमंडळाची दोन सभागृहं देतील.

प्रश्न : गोबेलच्या बाजूने हरकती नेमक्या कशावर घेतल्या होत्या? पातळ मतपत्रिकांचा उल्लेख सगळीकडे येतो, पण त्यात बिघडतं काय?

बिघडतं ते गुप्ततेचं. १८९१च्या नव्या राज्यघटनेपर्यंत केंटकीत मतदार अधिकाऱ्यासमोर उभा राहून मोठ्याने उमेदवाराचं नाव सांगत असे. अमेरिकेत सरकारी छापील गुप्त मतपत्रिका आधी वापरली ती याच राज्यातल्या लुइव्हिल शहरात, १८८८ मध्ये, आणि तरीही राज्याच्या बाकी भागात आवाजी मतदान आणखी काही वर्षं चाललं! नव्या पद्धतीत मतपत्रिकेवर पक्षांचे रकाने असत आणि रकान्यावर चिन्ह : डेमोक्रॅटांचा कोंबडा, रिपब्लिकनांची लाकडी ओंडक्यांची झोपडी. मागच्या बाजूने छपाई आणि खूण दिसणार नाही, इतका कागद जाड असणं या पद्धतीत महत्त्वाचं, कारण मतदार घडी घालून पत्रिका परत देतो ती अधिकाऱ्याच्या हातात. कागद पारदर्शक असेल तर खूण कोणत्या रकान्यात आहे ते तिथल्या तिथे कळतं. मालक, कर्ज देणारा, पक्षाचा माणूस, कुणीही नजर ठेवू शकतो. विकत घेतलेलं मत पोचलं का हेही पाहता येतं, आणि मतखरेदी गुप्त मतदानात बंद पडते ती नेमकी याच कारणाने, की माल मिळाला का ते कळत नाही. नॉक्स आणि जॉन्सन यांसारख्या पूर्वेकडच्या रिपब्लिकन काउंट्यांत असा पातळ कागद वापरला गेला, आणि तिथली मतं सरसकट रद्द करा अशी मागणी झाली.

मागणीतली खोट अशी, की दोष कागद पुरवणाऱ्यांचा आणि शिक्षा सगळ्या मतदारांना. मत उघडं पडल्याने कोणी किती दबावाला बळी पडला, हे पुराव्याने दाखवण्याऐवजी अख्खी काउंटीच वजा करायची होती.

दुसरी हरकत नेल्सन काउंटीतली. तिथे सुमारे १,२०० पत्रिकांवर रिपब्लिकन उमेदवाराचं नाव ‘डब्ल्यू. एस. टेलर’ऐवजी ‘डब्ल्यू. पी. टेलर’ असं छापलं गेलं होतं, म्हणून ती मतं टेलरची धरू नका असा युक्तिवाद. डोक्यावर झोपडीचं चिन्ह असताना मतदाराला कोण अभिप्रेत होतं याबद्दल शंका घेण्यासारखं काही नाही. ही सगळ्यांत लंगडी हरकत.

तिसरी त्यामानाने वजनदार : लुइव्हिलमध्ये मतदानाच्या दिवशी गव्हर्नर ब्रॅडलींनी राज्याचं सैन्य तयार ठेवलं होतं, त्यामुळे मतदार दबकले. चौथी, लुइव्हिल अँड नॅशव्हिल रेल्वेने टेलरसाठी पैसा ओतला. ही कंपनी गोबेलच्या विरोधात होती यात वाद नाही. रेल्वेचे दर ठरवण्याचा अधिकार राज्याच्या आयोगाला द्यावा, ही गोबेलची जुनी मागणी होती.

प्रश्न : डेमोक्रॅटिक पक्ष फुटला कशामुळे?

उमेदवार ठरवणाऱ्या अधिवेशनामुळे. जून १८९९, लुइव्हिलचं म्युझिक हॉल. रिंगणात तिघे : वॉट हार्डिन, विल्यम स्टोन आणि गोबेल. पहिल्या दिवशी सर्वांत जोर हार्डिनचा. गोबेल आणि स्टोन यांनी आतून समझोता केला. गोबेलनी लुइव्हिलच्या आपल्या प्रतिनिधींपैकी निम्मे स्टोनना द्यायचे आणि दोघांनी मिळून अधिवेशनाचा अध्यक्ष आपल्या पसंतीचा, न्यायाधीश रेडवाइन, बसवायचा. अध्यक्ष का महत्त्वाचा? कित्येक काउंट्यांतून दोन-दोन प्रतिनिधी मंडळं आली होती, आणि त्यांतलं खरं कोणतं ते ठरवणारी समिती अध्यक्षाच्या बाजूची झाली की अर्धी लढाई तिथेच संपते. तसंच झालं. हार्डिननी माघार घेतली. मग आपल्या वाट्याची सगळी मतं मिळतील या भरवशावर असलेल्या स्टोनना गोबेलनी ती दिलीच नाहीत. हार्डिन पुन्हा उतरले आणि फेऱ्यांमागून फेऱ्या होऊ लागल्या. शेवटी सर्वांत मागे असलेल्याला वगळायचं ठरलं, स्टोन गळाले आणि सव्विसाव्या फेरीत गोबेल जिंकले. याच रागातून ब्राउन यांची उमेदवारी निघाली. डेमोक्रॅटांचे राष्ट्रीय नेते विल्यम जेनिंग्ज ब्रायन स्वतः प्रचाराला आले, तरी तुटलेलं पुरतं सांधलं गेलं नाही.

प्रश्न : विधिमंडळाने चौकशी कशी केली? समिती चिठ्ठ्या टाकून निवडली होती ना?

हो, आणि कागदावर ही पद्धत चांगली होती. अकरा जणांची समिती : आठ खालच्या सभागृहातून, तीन सिनेटमधून, नावं चिठ्ठ्यांनी काढायची. दोन्ही सभागृहांतलं रिपब्लिकनांचं बळ धरलं तर अकरांत त्यांचे चार-पाच यायला हवे होते. आला एक. नऊ डेमोक्रॅट, एक पॉप्युलिस्ट या तिसऱ्या पक्षाचा. योगायोग अशक्य नाही, पण इतका सोयीचा योगायोग खरा मानायला फारसं कोणी तयार नसतं. चिठ्ठी पद्धतीचं असंच असतं : चिठ्ठ्या कोण लिहितो, पेटी कोण हलवतो आणि काढतो कोण, यावर दोन्ही बाजूंची नजर नसेल तर ती मतदानापेक्षाही सहज वाकवता येते.

निकाल कुठे चालला आहे ते रिपब्लिकनांना कळून चुकलं. जानेवारीच्या अखेरीस पूर्वेच्या डोंगरांतून शेकडो हत्यारबंद माणसं रेल्वेने राजधानी फ्रँकफर्टमध्ये आणली गेली.

प्रश्न : मरणासन्न माणसाला शपथ देणं कायदेशीर होतं का?

घटनाक्रम असा. ३० जानेवारी १९०० रोजी सकाळी गोबेल दोन सोबत्यांसह विधिमंडळाच्या इमारतीकडे चालले असताना शेजारच्या सरकारी इमारतीतून गोळ्या झाडल्या गेल्या. एक त्यांच्या छातीत लागली. टेलरनी बंडाळी जाहीर केली, सैन्य बोलावलं आणि विधिमंडळाची बैठक लंडन या रिपब्लिकन गावात (हे केंटकीतलंच) भरेल असा हुकूम काढला. डेमोक्रॅट सदस्यांना इमारतीत शिरू दिलं जाईना, म्हणून ३१ तारखेला ते एका हॉटेलात जमले, समितीचा अहवाल स्वीकारला आणि गोबेलना विजयी ठरवलं. त्याच संध्याकाळी त्यांना बिछान्यावर शपथ दिली गेली. टेलरचं सैन्य विसर्जित करण्याच्या आदेशावर त्यांनी सही केली. ३ फेब्रुवारीला ते वारले आणि लेफ्टनंट गव्हर्नर (उपगव्हर्नर) म्हणून विजयी ठरवलेले जे. सी. डब्ल्यू. बेकहॅम गव्हर्नर झाले. वय तीस, म्हणजे पदासाठी घटनेने घातलेली किमान मर्यादा जेमतेम पार.

शपथ घेणाऱ्याची प्रकृती कशी आहे, याचा कायद्याशी संबंध नाही. खरा वांधा हॉटेलातल्या बैठकीचा. रिपब्लिकनांना न कळवता, ठरलेल्या जागेबाहेर घेतलेला ठराव विधिमंडळाचा मानायचा का? काही महिने राज्यात दोन गव्हर्नर आणि दोन सैन्यं होती. १९ फेब्रुवारीला अधिवेशन पुन्हा भरलं तेव्हा सिनेटचं अध्यक्षस्थान घ्यायला बेकहॅम आणि रिपब्लिकनांचे लेफ्टनंट गव्हर्नर मार्शल असे दोघेही हजर!

प्रश्न : टेलरना न्यायालयात दाद का मिळाली नाही?

कारण प्रत्येक न्यायालयाने एकच भूमिका घेतली : घटनेने हा निकाल विधिमंडळावर सोपवला आहे, त्यांच्या नोंदीमागे आम्ही जाणार नाही. राज्याच्या अपील न्यायालयाने ६ एप्रिल १९०० रोजी सहा विरुद्ध एक असा निर्णय बेकहॅमच्या बाजूने दिला. टेलर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेले. २१ मेला सरन्यायाधीश फुलर यांनी सांगितलं, की सरकारी पद ही चौदाव्या घटनादुरुस्तीने संरक्षण दिलेली मालमत्ता नव्हे. अमेरिकेच्या घटनेने राज्यांना दिलेली प्रजासत्ताक शासनाची हमी पाळली गेली की नाही, हा प्रश्नही न्यायालयाने सोडवायचा नाही. विरोधी मत न्यायमूर्ती हार्लन यांचं. ते स्वतः केंटकीचे, आणि याच गव्हर्नरपदाची निवडणूक १८७१ आणि १८७५ मध्ये हरलेले.

प्रायर-एलिस यांनी बेरजेपलीकडे जायचं नाकारलं आणि न्यायालयांनी ठरावापलीकडे. मतपत्रिका खरोखर तपासण्याची सत्ता ज्या एकाच ठिकाणी उरली, तिथे पक्षीय बहुमत होतं.

प्रश्न : गोळी कोणी झाडली?

ठाम उत्तर नाही. सोळा जणांवर आरोप ठेवले गेले, तिघे दोषी ठरले : टेलरच्या सरकारातले सेक्रेटरी ऑफ स्टेट कॅलेब पॉवर्स, हेन्री यूट्सी आणि जेम्स हॉवर्ड. पॉवर्सची शिक्षा वरच्या न्यायालयात वारंवार रद्द झाली. रिपब्लिकन गव्हर्नर विल्सन यांनी १९०८ मध्ये त्यांना आणि हॉवर्डना माफी दिली. पुढे पॉवर्स काँग्रेसवर निवडून गेले. टेलर इंडियानात निघून गेले, तिथल्या गव्हर्नरने त्यांना परत पाठवायला नकार दिला. १९०९ मध्ये त्यांनाही माफी मिळाली.

प्रश्न : प्रकल्पासाठी केंटकीच्या गव्हर्नरांचा तक्ता करते आहे. १८९९-१९०० मध्ये कोणाला धरू?

तिघांनाही. टेलर ३३वे, गोबेल ३४वे, बेकहॅम ३५वे, असाच क्रम रूढ आहे. तारखांचा रकाना दोन भागांत करा, कारण ३१ जानेवारीपासून मे अखेरपर्यंत दावे एकमेकांवर चढतात. बेकहॅमसमोर ‘निवडून’ असं सरळ लिहू नका : पद पहिल्या दोन वर्षांत रिकामं झाल्याने नोव्हेंबर १९०० मध्ये खास निवडणूक घ्यावी लागली. ती त्यांनी रिपब्लिकन जॉन यर्क्स यांच्याविरुद्ध चार हजारांहून कमी मतांनी जिंकली. तळटीप तिथे द्या.