वाचकांचे प्रश्न : बांधावरचे गवती पतंग

प्रश्न : भाताच्या बांधावरून चालताना पायाजवळून फिकट तपकिरी रंगाचे लहान पतंग उडतात आणि दोन-तीन हातांवर पुन्हा गवतात बसतात. मोबाइलला क्लिपचे मॅक्रो भिंग लावून मी त्यांची छायाचित्रे काढतो. परंतु छायाचित्रात वाळक्या काडीसारखे काहीतरी दिसते आणि त्यावरून नाव लागत नाही. काय करावे? (एक वाचक, कुडाळ)

उत्तर : आपण वर्णन केलेले पतंग बहुधा क्रॅम्बिडी कुलातील, त्यातही गवतावर वाढणाऱ्या गटातील असावेत. विसावताना पंख अंगाभोवती गुंडाळून घ्यायचे आणि देठाला समांतर बसायचे ही या गटाची सवय असल्याने, छायाचित्रात काडी दिसली यात आपला दोष नाही. डोक्यापुढे सोंडेसारखी निघालेली पॅल्पची, म्हणजे तोंडाजवळच्या स्पर्शकांसारख्या अवयवांची, लांब जोडी ही त्यांची सर्वांत उपयोगी खूण आहे आणि नेमकी तीच वरून घेतलेल्या छायाचित्रात हरवते.

म्हणून एका पतंगाची किमान तीन छायाचित्रे घ्यावीत. पहिले पाठीच्या बरोबर वरून, कॅमेरा पंखांच्या पातळीला समांतर धरून. दुसरे अगदी बाजूने, म्हणजे पॅल्पची लांबी आणि त्यांचा कल दिसेल. तिसरे डोक्याचे जवळून. जवळच्या छायाचित्रणात स्पष्ट दिसणारा पट्टा फार अरुंद असतो. मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर, पतंग जेवढा आहे तेवढाच सेन्सरवर उमटत असताना, भिंगाचे छिद्र (ॲपर्चर) एफ ११ ठेवल्यास तो जेमतेम एक-दीड मिलिमीटर भरतो. त्यामुळे कॅमेरा थोडा जरी तिरपा झाला तरी पंखांच्या टोकांवरची रेघ पुसट होते, आणि पुष्कळदा ओळख त्या रेघेवरच अवलंबून असते. छायाचित्र देखणे नसले तरी चालेल, पण ते सपाट आणि स्पष्ट असले पाहिजे.

क्लिपच्या भिंगासाठी मोबाइल पतंगापासून दोन-तीन सेंटीमीटरवर न्यावा लागतो, आणि दुपारच्या उन्हात पतंग तेवढे जवळ येऊ देत नाही. तो देठाच्या पलीकडच्या बाजूला सरकतो किंवा उडतो. दव पडलेल्या सकाळी, अंग गार असताना, तो बराच सुस्त असतो. खाली बसून, आपली सावली त्याच्यावर पडू न देता आणि ज्या गवतावर तो बसला आहे ते न हलवता पुढे सरकावे. याहून सोपा मार्ग म्हणजे पावसाळ्यातील अंधाऱ्या रात्री पांढऱ्या चादरीवर दिवा लावणे. चादरीवर बसलेला पतंग सर्व बाजूंनी टिपता येतो आणि शेजारी आलेखाच्या कागदाचा तुकडा ठेवला की मापही मिळते. मात्र दिव्यावर आलेला पतंग कोणत्या झाडाचा हे कळत नाही, म्हणून बांधावरची नोंद सोडू नये : तारीख, वेळ, ठिकाण आणि तो ज्यावर बसला होता ते गवत किंवा पीक.

प्रश्न : खिडकीशी एक पिवळा पतंग आला होता, पुढच्या प्रत्येक पंखावर एक काळा ठिपका. दुसरा पिवळसर तपकिरी होता व त्यावर गडद रेघा होत्या. मोबाइलमधील ॲपने दर छायाचित्राला वेगळे नाव सुचवले. कोणते खरे मानावे? (एक वाचक, भोर)

उत्तर : पहिला पतंग भाताच्या पिवळ्या खोडकिड्याची, म्हणजे सर्पोफॅगा इन्सर्टुलसची मादी असण्याची शक्यता मोठी आहे. पिवळे पंख, प्रत्येकी एक स्पष्ट ठिपका आणि पोटाच्या टोकाशी केसांचा दाट झुबका या तिन्ही गोष्टी एकत्र दिसल्या तर फारशी शंका उरत नाही. हेच केस ती पानावर घातलेल्या अंड्यांच्या पुंजक्यावर पसरते. तिचा नर मात्र लहान, मळकट आणि अस्पष्ट ठिपक्यांचा असल्याने ॲपला आणि माणसालाही सारखाच चकवतो. याच प्रजातीतल्या (प्रजाती म्हणजे जीनस; तिच्यात अनेक जाती, म्हणजे स्पीशीज, येतात) निव्वळ पांढऱ्या पतंगांना छायाचित्रावरून जातीचे नाव देण्याच्या फंदात मी तरी पडत नाही.

दुसऱ्याच्या बाबतीत रेघा मोजाव्यात. पुढच्या पंखावर दोन पूर्ण आडव्या रेघा, त्यांच्या मधोमध वरच्या कडेपासून निघालेली एक आखूड रेघ आणि बाहेरच्या कडेला गडद पट्टा असेल, तर तो भाताची पाने गुंडाळणाऱ्या अळीचा पतंग, म्हणजे नॅफॅलोक्रोसिस मेडिनॅलिस असू शकतो. ‘असू शकतो’ असे म्हणण्याचे कारण त्याचे जवळचे नातेवाईकही भातावरच राहतात आणि जवळपास तसेच दिसतात. ॲपची सूचना ही शोधाची सुरुवात समजावी. सुचवलेल्या जातीची वैशिष्ट्ये आपल्या छायाचित्रात एकेक करून पडताळावीत आणि जी दिसत नाहीत ती गृहीत धरू नयेत. प्रजातीपर्यंतच खात्री असेल तर नोंदही तेथेच थांबवावी. अशी नोंद चुकीच्या जातीच्या नावापेक्षा कितीतरी कामाची असते.

जुन्या याद्या चाळताना एक अडचण येईल. क्रॅम्बिडी हे कुल पूर्वी पायरॅलिडीमध्ये गणले जाई, आणि दोघांतला मुख्य फरक पोटाच्या बुंध्याशी असलेल्या श्रवणेंद्रियाच्या रचनेत आहे. तो कोणत्याही छायाचित्रात दिसत नाही. प्रजातीही बदलतात. ज्वारी-मक्यावरील खोडकिडा आज कायलो पार्टेलस म्हणून ओळखला जातो, पण १८८५ साली चार्ल्स स्विन्हो यांनी त्याचे वर्णन केले तेव्हा त्याला क्रॅम्बस प्रजातीत ठेवले होते. (हे स्विन्हो १८८३ साली मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन करणाऱ्यांपैकी एक.) शोधताना जुने-नवे दोन्ही नाव वापरावे.

प्रश्न : भाताच्या सुरळीतील अळीचे पांढरे पतंग फ्लॅशमध्ये कोरे येतात. उपाय आहे का? (एक वाचक, महाड)

उत्तर : आहे. फ्लॅशपुढे टिश्यू पेपरची दुहेरी घडी किंवा दुधी प्लास्टिक धरावे आणि फ्लॅशची तीव्रता कमी करावी. चादर व पतंग दोन्ही पांढरे असल्यास पतंगाला राखाडी पुठ्ठ्यावर येऊ द्यावे. या पतंगाच्या पंखांवरील फिक्या तपकिरी खुणा अतिशय पुसट असतात. छायाचित्र किंचित काळपट आले तरी त्या वाचता येतात, कोरे आले तर नंतर संगणकावर काहीही करून परत मिळत नाहीत.

प्रश्न : नक्की ओळखीसाठी पतंग मारावाच लागतो का? (एक वाचक, निफाड)

उत्तर : छंद म्हणून निरीक्षण करणाऱ्याला त्याची गरज नाही. कायलोसारख्या प्रजातीत जननेंद्रियांची तपासणी केल्याशिवाय जाती सांगता येत नाहीत हे खरे; पण ते काम सूक्ष्मदर्शकाखाली प्रशिक्षित कीटकशास्त्रज्ञ करतात. आपल्या पिकात प्रादुर्भाव असेल आणि खात्री हवी असेल तर पतंगापेक्षा पोखरलेल्या ताटासह अळी जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात न्यावी. कोणत्या पिकावर, कोणत्या भागात आणि कशा प्रकारे नुकसान झाले आहे हे पाहूनच तेथील तज्ज्ञ बरेचसे पर्याय बाजूला काढू शकतात.