‘मिश्र’ म्हणावे की ‘द्विरूप’?

अन्ननलिकेच्या ‘कार्सिनोसार्कोमा’ या दुर्मिळ आजाराला मराठीत ‘मिश्र-ऊती कर्करोग’ म्हणता येईल का, असा प्रश्न आला आहे.

यातल्या ‘ऊती’ या शब्दाबद्दल तक्रार नाही. विणणे या अर्थाच्या संस्कृत धातूपासून तो आला आहे, आणि ‘टिश्यू’ हा शब्दही मुळात विणलेल्या कापडाचाच असल्यामुळे इतका चपखल पारिभाषिक शब्द क्वचितच सापडतो. (हिंदीतले ‘ऊतक’ मराठीत उसने आणण्याचे काही कारण नाही.)

मूळ नाव ग्रीक ‘कार्किनोस’ म्हणजे खेकडा आणि ‘सार्क्स’ म्हणजे मांस यांवरून आले आहे. शरीराच्या पृष्ठभागांना अस्तर लावणाऱ्या अभिस्तर ऊतीत उद्भवणारा तो कार्सिनोमा, तर हाड, कूर्चा, स्नायू, मेद अशा ऊतींत उद्भवणारा तो सार्कोमा. आपला ‘कर्करोग’ खेकड्यावरूनच आला असला तरी तो या दोन्हींना सरसकट वापरला जातो. त्यामुळे ‘कर्क-मांसार्बुद’ (अर्बुद म्हणजे गाठ) असे शब्दशः भाषांतर केले तर वाचकाला त्यातला भेद कळणारच नाही.

अडचण आहे ती ‘मिश्र’ या शब्दाची. अन्ननलिकेच्या घातक गाठींमध्ये ३ टक्क्यांहूनही कमी आढळणारी ही गाठ बहुधा देठ असलेल्या कोंबासारखी नलिकेच्या पोकळीत वाढते, त्यामुळे घास अडकू लागतो. सूक्ष्मदर्शकाखाली तिच्यात एकीकडे चपट्या अभिस्तर पेशींचे पुंजके दिसतात, तर दुसरीकडे टकळीसारख्या, दोन्ही टोकांना निमुळत्या पेशींचे पट्टे दिसतात आणि त्यांत क्वचित हाड किंवा कूर्चाही तयार झालेली असते. नुसते पाहणाऱ्याला ही भेसळच वाटेल, आणि दोन वेगळ्या पेशींपासून निघालेल्या दोन गाठी एकमेकींवर आदळून एक झाल्या, असे मत पूर्वीपासून मांडले गेलेही आहे. परंतु दोन्ही भागांची जनुकीय तपासणी केली असता अनेक रुग्णांत टीपी५३ या जनुकातला तोच बदल दोन्हीकडे सापडला आहे. म्हणजे बहुतेक वेळा वंश एकच असतो : अभिस्तर पेशी शेजारणींना धरून राहण्याचा गुण सोडतात, लांबट होतात आणि हाड-कूर्चेसारख्या आधार-ऊतीच्या पेशींचे रूप घेतात.

‘मिश्र’ म्हटले की आधी दोन वेगळे पदार्थ होते आणि मग ते एकत्र आले, असेच मराठी कानाला ऐकू येते. मिश्र धातू किंवा मिश्र पीक हे शब्द आठवून पाहावेत. इथे घडते ते मिश्रण नव्हे, रूपांतर आहे. म्हणून मी ‘अन्ननलिकेचा द्विरूप कर्करोग’ असे लिहीन आणि पहिल्या उल्लेखापाशी ‘कार्सिनोसार्कोमा’ हे नावही देईन, कारण रुग्णाच्या हातातल्या अहवालावर तेच छापलेले असते. ‘मिश्र’ ठेवायचाच असेल, तर ‘मिश्ररूपी’ म्हणावे. त्यात निदान मिश्रण दिसण्यापुरतेच असल्याचे सूचित होते.