तुझ्या भाषणाचा मसुदा वाचला

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद. ब्रेक्झिटवरच्या, म्हणजे ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यावरच्या, तुझ्या भाषणाचा मसुदा दोनदा वाचला. इंग्रजी झकास आहे. पन्नास वर्षं इथे काढूनही मला तसं जमलं नाही. पण पहिल्याच परिच्छेदात 'बाहेर पडा म्हणणारे एकतर वंशद्वेष्टे, नाहीतर भोळसट' असं लिहून तू मोकळी झालीस. तिथे लाल पेन उचलावंच लागलं.

म्हाताऱ्याने बाजू बदलली असं समजू नकोस. युरोपीय समुदायात राहायचं का, या १९७५च्या सार्वमतात मी भारतीय पासपोर्टवर 'राहू या' म्हणून मत दिलं होतं. तेव्हा ६७ टक्के लोक माझ्या बाजूला होते. २०१६ला तेच मत दिलं आणि ४८ टक्क्यांत गेलो. पण हरलेल्या माणसाने जिंकणाऱ्याला शिव्या घालून काही मिळत नाही. तो का जिंकला, हे आधी कळायला हवं.

२३ जून २०१६च्या गुरुवारी मी इथे स्विंडनमध्ये एका मतदान केंद्रावर यादीत खुणा करायच्या कामाला होतो. सकाळी सात ते रात्री दहा. इकडे मतपत्रिकेवर फुली मारायला दोरीला बांधलेली पेन्सिल ठेवतात. त्या दिवशी बरेच जण घरून पेन घेऊन आले होते, पेन्सिलीची फुली रात्रीतून कोणीतरी खोडेल या भीतीने. आम्ही चहाच्या वेळी त्यांच्यावर हसलो. हसायला नको होतं. ज्याचा पेन्सिलीवरही भरवसा उरलेला नाही, त्याला अर्थतज्ज्ञांचे आकडे ऐकवून काय होणार?

दुपारी एक गोव्याचं जोडपं आलं. स्विंडनमध्ये गोवेकर खूप. १९६१पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगीज नागरिकत्व मागता येतं, आणि त्या पासपोर्टवर ते युरोपीय संघाचे नागरिक म्हणून इथे आले. नवऱ्याकडे पोर्तुगीज पासपोर्ट, बायकोकडे अजून भारतीय. यादीत त्याच्या नावापुढे 'जी' हे अक्षर होतं. म्हणजे नगरपालिकेला मत चालेल, या सार्वमताला नाही. युरोपीय संघाच्या नागरिकांपैकी फक्त आयरिश, माल्टीज आणि सायप्रसवाल्यांना ते होतं. बायको मात्र राष्ट्रकुलातल्या देशाची, म्हणून तिला मतपत्रिका मिळाली. तो यादीवर ठेवलेल्या माझ्या पट्टीवर बोट ठेवून उभा राहिला आणि म्हणाला, "राहायचं की जायचं ते माझं, आणि मत हिचं?" मी नियम सांगितला. दुसरं काय करणार?

आता तुझ्या मसुद्याकडे. 'सीमा' हा शब्द त्यात अकरा वेळा आलाय, मी मोजला. प्रत्येक वेळी वेगळीच सीमा आहे, आणि तुला त्याचा पत्ता नाही. पलीकडच्या बाजूनेही २०१६ला नेमकं हेच केलं होतं. १६ जूनचं, 'बाहेर पडा' म्हणणाऱ्या यूकिप पक्षाचं 'ब्रेकिंग पॉइंट'चं पोस्टर आठव. त्यातली रांग २०१५ची, क्रोएशियातून स्लोव्हेनियात शिरणाऱ्या निर्वासितांची. ब्रिटन तर देशादेशांतली पासपोर्ट तपासणी काढून टाकणाऱ्या शेंगेन करारात कधी नव्हताच. इथे पासपोर्ट तपासणी आधीही होती. युरोपीय नागरिकांना इथे येऊन राहण्याचा हक्क ही एक गोष्ट आणि निर्वासितांची रांग ही दुसरी. त्या दोन्ही एका चित्रात कालवल्या. फसवणूक दाखवायची असेल तर हे दाखव. विशेषण लावायची गरज पडणार नाही.

पण सगळंच काही पोस्टरने घडलं नाही. लिंकनशायरमधलं बॉस्टन हे कोबी-फ्लॉवरच्या शेतांचं आणि भाजी पॅक करणाऱ्या शेडचं गाव. तिथे ७५.६ टक्के लोक 'बाहेर' म्हणाले, देशात सर्वाधिक. २००४ला पूर्व युरोपातले आठ देश संघात आले, तेव्हा ब्रिटन, आयर्लंड आणि स्वीडन या तिघांनीच पहिल्या दिवसापासून त्यांना कामाची दारं उघडली. सरकारने करवून घेतलेला अंदाज होता वर्षाला ५ ते १३ हजार माणसांचा. त्या अंदाजाला एक गृहीतक होतं: जर्मनीसारखे मोठे देशही दारं उघडतील. जर्मनीने २०११पर्यंत उघडली नाहीत. गृहीतक कोसळलं, तरी आकडा मात्र भाषणांतून फिरत राहिला. माणसं आली त्याच्या कितीतरी पट. डॉक्टरकडची रांग लांबली, घरभाडं वाढलं, आणि तक्रार करणाऱ्याला 'तू वंशद्वेष्टा' हे ऐकावं लागलं. तू तुझ्या पहिल्या परिच्छेदात तेच करते आहेस.

मग पंतप्रधान कॅमेरून यांनी निव्वळ स्थलांतर, म्हणजे आलेले वजा गेलेले, वर्षाला एक लाखाच्या आत आणण्याचं वचन दिलं. सार्वमताच्या चार आठवडे आधी २०१५चा आकडा आला, ३ लाख ३३ हजार. आणि तेव्हाच्याच हिशेबाप्रमाणे त्यातले निम्मे युरोपीय संघाबाहेरून आलेले होते. त्यांच्या व्हिसाचा निर्णय पूर्णपणे लंडनच्या हातात होता. 'नियंत्रण परत घ्या' म्हणणाऱ्यांना विचारायचा प्रश्न हा होता: जे नियंत्रण हातात आहे, त्याचं काय केलंत? आमच्या बाजूने तो कोणी धड विचारलाच नाही. आम्ही लोकांना महागाईची भीती घालत बसलो.

पुढचं तुला माहीत हवं, कारण त्यात तू स्वतः आहेस. १ जानेवारी २०२१पासून गुणांवर आधारित व्हिसा आला. युरोपातून येणारे घटले आणि भारत, नायजेरियातून विद्यार्थी, नर्सेस, वृद्धांची काळजी घेणारे आले. २०२३च्या मध्यापर्यंतच्या वर्षात निव्वळ स्थलांतर नऊ लाखांच्या आसपास गेलं. शिक्षणानंतर दोन वर्षं राहून काम करायची जी मुभा तुला आहे, ती जुलै २०२१ची. म्हणजे तू ज्या निर्णयाला भाषणात झोडपतेस, त्याच्यानंतर आलेल्या नियमांनी तुझी सोय केली. व्यासपीठावर कोणीतरी हे तुझ्या तोंडावर फेकणार. त्याआधी तूच सांगून टाक.

इंग्लिश खाडी ओलांडून आश्रय मागायला येणाऱ्या छोट्या होड्यांचा मुद्दा घ्यायचाच असेल तर एकच धर. संघातून बाहेर पडताना डब्लिन नियमातूनही बाहेर पडलो, म्हणजे आश्रय मागणाऱ्याला आधीच्या देशात परत पाठवायची ती वाट बंद झाली. ती वाट फार चालायची असंही नाही, तेही सांग. आयर्लंडमधली सुमारे ५०० किलोमीटरची सीमा तू एका वाक्यात उरकली आहेस. तीन मिनिटांच्या भाषणात ती मावत नाही. गाळून टाक.

तो गोवेकर मला २०१९ला परत भेटला. इथेच राहू देण्याचा अर्ज भरायला आमच्या सभागृहात आला होता. गोदामातल्या कामाने बोटं राठ झालेली, पासपोर्टवर फोन टेकवायचा, ॲप त्यातली चिप वाचेना. चौथ्यांदा वाचली. आठवड्याने ईमेल आला, मंजूर. "कागद?" त्याने विचारलं. कागद नव्हता, सगळं ऑनलाइन. त्याने तो ईमेल छापून घेतला, प्लास्टिकच्या पाकिटात घातला आणि शर्टाच्या आतल्या खिशात ठेवला.

दुसरा मसुदा गुरुवारपर्यंत पाठव. रविवारी यायचं असेल तर पॅडिंग्टनहून गाडी धर, स्टेशनवर घ्यायला येतो. काकूने सांगितलंय, येताना चांगली हळद आण.

तुझा,
काका