रेषीय समीकरणांचा घरखर्चात खरंच उपयोग होतो का? दहावीतल्या मुलीला काय उदाहरण देऊ?

होतो. 'पेनाची किंमत क्ष' सोडा, चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) नेवऱ्या, म्हणजे गोव्याकडच्या करंज्या घ्या. घरी कराव्यात की विकत आणाव्यात, हा वाद गोव्यात घरोघरी आहे.

विकतची नेवरी समजा 18 रुपयांना. घरी केली तर रवा, तूप, खोबरं, साखर, गॅस आणि शोषलं जाणारं तेल मिळून नगामागे 5. पण दोन खर्च 20 केल्या काय नि 100 केल्या काय, तेवढेच: कढईत आधी ओतायचं तेल 150, मदतीला येणाऱ्या बाईचा रोज 500. म्हणून 650 + 5क्ष = 18क्ष, क्ष = 50. पन्नासच्या आत दुकान स्वस्त, पुढे घर.

घोळ होतो तो त्या 650 मध्ये. 'घरी केलं की स्वस्तच' म्हणणारे काका बाईचा रोज वगळतात, कारण नेवऱ्या वहिनी वळते. मग स्थिर खर्च उरतो 150 आणि बाराव्या नेवरीलाच घर जिंकतं! वहिनीचा दिवस फुकट धरला की गणित काकांच्याच बाजूने सुटणार. तिचेही 500 मांडा आणि मग बोला. काकांनी आजवर एका नेवरीला मुरड घातली असेल तर मी शब्द मागे घेते.

शिवाय रेषा शेवटपर्यंत सरळ जात नाही. दिवसाला 150 नेवऱ्या होत असतील तर 151वीसाठी दुसरा रोज पडतो, म्हणजे एकदम 500 ची उडी. वरच्या नगांमागे बचत 13 रुपये, 500 भागिले 13 म्हणजे 38 आणि थोडं. तेव्हा 188 पर्यंत वरच्या विकत आणा, 189 पासून बाईला दुसऱ्या दिवशीही बोलवा.

दोन चलं हवीत तर 18 ची नेवरी, 12 चा लाडू, एकूण 120 नग, बजेट 1,800. न + ल = 120, 18न + 12ल = 1,800. दोन्ही 60. बजेट 1,400 केलं की न उणे येतो. मुलगी आकडेमोड खोडायला लागेल, खोडू देऊ नका. नुसते लाडू घेतले तरी 1,440 होतात, एवढंच ते उत्तर सांगतंय.

भाव मी सोयीचे धरलेत, तुमच्या बाजाराचे घाला. चव मात्र यात कुठेच धरलेली नाही.