लायब्ररीत व्हीआर हेडसेट घ्यावेत का?

तुमच्या शहरातल्या ‘फ्रेंड्स ऑफ द लायब्ररी’ या लायब्ररीला मदत करणाऱ्या गटाकडे देणगी आली आहे आणि त्यातून सहा व्हीआर हेडसेट (डोळ्यांवर चढवून आभासी जगात फिरवणारी यंत्रं) घ्यावेत का, असं तुम्ही विचारलंय. मी कॅलिफोर्नियातल्या एका काउंटी लायब्ररीत बरीच वर्षं काम करते. माझं स्पष्ट मत सांगते: दोनच घ्या. उरलेले पैसे ते चालवणाऱ्या माणसाच्या पगाराला लावा.

२०१७ मध्ये फेसबुकच्या (आताच्या मेटाच्या) ऑक्युलस या व्हीआर कंपनीने कॅलिफोर्नियातल्या ९० लायब्रऱ्यांना १०० रिफ्ट हेडसेट आणि त्यासाठी लागणारे तगडे संगणक दिले. उपक्रम मोलाचाच होता. पण २०२१ मध्ये रिफ्ट मालिकेची विक्रीच बंद झाली आणि त्याच वर्षी गूगलने टिल्ट ब्रश या व्हीआरमधल्या चित्रकलेच्या अ‍ॅपचं काम थांबवलं, एक्स्पिडिशन्स हे आभासी सहलींचं अ‍ॅपही काढून घेतलं. म्हणून आज घेतलेलं यंत्र चार-पाच वर्षांत जुनं होणार, हे धरूनच चाला.

माणूस का हवा? हेडसेट चढवला की समोरचं टेबल दिसत नाही, शेजारचं मूलही दिसत नाही. भिंगांमधलं अंतर जुळवणं, चष्मा सांभाळणं, प्रत्येकानंतर फोम पुसणं, कुणाला मळमळलं तर लगेच थांबवणं, हे सगळं कुणीतरी करायलाच हवं. डोळ्यांना आपण सरकतोय असं वाटतं आणि आतला कान म्हणतो जागेवरच आहोत, त्यातून ही मळमळ होते. सुरुवात खुर्चीत बसूनच करा.

लॉगिनच्या खात्याकडे मात्र नीट लक्ष द्या. हेडसेट डोक्याच्या आणि हातांच्या हालचाली टिपतो. कोणी कुठलं पुस्तक नेलं हे आपण कुणाला सांगत नाही, मग इथे वाचकाला स्वतःच्या नावाने लॉगिन का करायला लावायचं? लायब्ररीचंच खातं ठेवा. मेटाच्या नियमांत १० ते १२ वर्षांच्या मुलांना पालकांच्या देखरेखीखालचं खातं लागतं, त्यामुळे सामायिक खात्यावर १३ वर्षांखालच्यांना बसवू नका.

दाखवायचं काय? मी ‘अ‍ॅन फ्रँक हाउस व्हीआर’पासून सुरुवात करीन. ते २०१८ मध्ये आलं आणि मोफत आहे. अ‍ॅनचे वडील ओटो फ्रँक यांच्या इच्छेनुसार अ‍ॅमस्टरडॅमच्या संग्रहालयात नाझींपासून लपताना हे ज्यू कुटुंब राहत होतं त्या खोल्या रिकाम्याच ठेवल्या आहेत. व्हीआरमध्ये त्या तेव्हाच्या सामानासकट दिसतात. तिथले उभे जिने ज्यांना चढवत नाहीत, त्यांनाही आत जाता येतं. शेजारच्या टेबलावर अ‍ॅनच्या डायरीच्या प्रती ठेवा, आणि जरा जास्तच मागवा. हेडसेट उतरवल्यावर लोक ती घरी न्यायला मागतात.