पित्ताशयात खडे आहेत, पण आता दुखत नाही. तरी ऑपरेशन करायचं का?

तुमचा प्रश्न असा: आई ५८ वर्षांच्या, मधुमेह आहे, राहायला गोव्यात साखळीला. गेल्या महिन्यात दोनदा रात्री पोटात असह्य दुखलं. सोनोग्राफीत पित्ताशयात बरेच खडे दिसले, सगळ्यांत मोठा १२ मिमीचा. सर्जननी दुर्बिणीतून पित्ताशय काढायला सांगितलंय. आता दुखत नाही, म्हणून आई म्हणतात चवथ (गणेश चतुर्थी) होऊन जाऊ दे. मामा म्हणतात कुळथाचं पाणी द्या, शेजारी म्हणतात पित्ताची पिशवी काढली की पचन कायमचं बिघडतं, आणि कुणीतरी बेळगावला न्यायला सांगतंय.

मी जनरल सर्जन आहे, फोंडा तालुक्यात प्रॅक्टिस करते. माझं मत आधीच सांगून टाकते: ऑपरेशन करून घ्या, आणि जमल्यास चवथीच्या आधी.

खडा किती मिमीचा, यावर सगळे अडकतात. माझ्याकडे येणारा प्रत्येक जण पहिल्यांदा तो आकडाच दाखवतो. पण बहुतेक वेळा निर्णय आकड्यावर होत नाही, दुखण्यावर होतो. दुसऱ्याच कशासाठी सोनोग्राफी केली आणि खडे सापडले, पोट मात्र कधी दुखलेलं नाही, अशा माणसांना मी ऑपरेशन न करता घरी पाठवते. अशा १०० जणांपैकी वर्षाला एखाद-दुसऱ्यालाच त्रास सुरू होतो. बाकीचे खडे बाळगून सुखाने म्हातारे होतात. नुसता मधुमेह आहे म्हणूनही गप्प बसलेले खडे काढायचे नसतात. अपवाद थोडे: ३ सेंटिमीटरपेक्षा मोठा खडा, पित्ताशयाच्या भिंतीत साचलेलं कॅल्शियम, पित्ताशयाच्या आत वाढलेला १ सेंटिमीटर किंवा त्याहून मोठा पॉलिप, म्हणजे मांसल कोंब.

तुमच्या आईंचे खडे मात्र आता गप्प राहिलेले नाहीत. एकदा कळ येऊन गेली की ती पुन्हा येण्याचा संभव खूप वाढतो, आणि पुढची कळ साधी असेलच असं नाही.

अर्थात ती कळ पित्ताशयाचीच होती का, हे नीट विचारून घ्या. दुखताना त्यांनी हात कुठे ठेवला होता? उजव्या बरगडीखाली किंवा छातीच्या हाडाखाली मध्यावर. तिथून उजव्या खांद्याच्या फऱ्याकडे जाणारी. तेलकट जेवणानंतर किंवा मध्यरात्री सुरू होऊन अर्धा तास ते चार-पाच तास टिकणारी, कूस बदलून किंवा ढेकर येऊन न थांबणारी कळ असेल, तर ती खड्यांचीच समजायची. नुसतं पोट फुगणं, आंबट पाणी, गॅस एवढंच असेल तर पित्ताशय काढून ते जाईलच असं नाही. हे आधी न सांगितल्यामुळे ऑपरेशननंतर निराश झालेली माणसं मी पाहिली आहेत. त्रास असाच असेल तर आधी एन्डोस्कोपी करून जठर बघावं. आणि ५८ वर्षांच्या मधुमेही बाईच्या पोटाच्या वरच्या भागात रात्री दुखलं तर ईसीजी हवाच. हृदयाच्या खालच्या भागातला झटका अगदी असाच दुखतो. तो काढला नसेल तर या आठवड्यात काढून घ्या.

तपासताना सर्जननी उजव्या बरगडीखाली बोटं दाबून लांब श्वास घ्यायला सांगितला असेल. पित्ताशयाला सूज असेल तर श्वास घेताना यकृतासोबत ते खाली सरकतं, बोटांना टेकतं, आणि पेशंटचा श्वास अर्ध्यावरच अडकतो. कितीही चांगलं मशीन असलं तरी मी हे हाताने बघितल्याशिवाय पुढे जात नाही. आईंना आता ताप नाही, श्वास अडकत नाही, म्हणजे सूज नाही. ऑपरेशनला हीच वेळ सगळ्यांत सोयीची. सूज आल्यावरही ऑपरेशन करता येतं, पहिल्या दोन-तीन दिवसांत तर करावंच, पण तेव्हा सगळं एकमेकांना चिकटलेलं असतं, आणि मधुमेह असलेल्यांत पित्ताशय सडण्यापर्यंत गोष्ट लवकर जाते.

आता मला ज्याची खरी काळजी वाटते ते. मोठा खडा बहुधा पिशवीतच अडकून बसतो. लहान खडे निसटतात आणि यकृताकडून आतड्याकडे जाणाऱ्या मुख्य नळीत जाऊन बसतात. तुमच्या रिपोर्टमध्ये ‘बरेच खडे’ लिहिलंय, म्हणजे लहानही असणार. नळी तुंबली की डोळे पिवळे होतात, लघवी चहासारखी गडद होते, शौच पांढरट होतं, अंगाला खाज सुटते. आपल्याकडे डोळे पिवळे दिसले की पहिली धाव गावठी औषधाकडे असते. विषाणूने झालेली कावीळ बहुतेक वेळा आपली आपण उतरते, म्हणून त्या औषधांवर लोकांचा विश्वास बसलाय. खड्याने तुंबलेली नळी मुळीने मोकळी होत नाही. सत्तरी-डिचोलीकडून असे पेशंट आमच्याकडे येतात तेव्हा पंधरा-पंधरा दिवस गेलेले असतात, थंडी वाजून ताप भरत असतो, पू रक्तात उतरायला लागलेला असतो. तोच खडा स्वादुपिंडाच्या तोंडाशी अडकला तर त्या ग्रंथीला सूज येते, आणि ते दुखणं माणसाला आयसीयूत नेऊ शकतं. हे टाळायलाच ऑपरेशन वेळेवर करायचं असतं.

म्हणून ऑपरेशनआधी एलएफटी ही यकृताचं काम दाखवणारी रक्ताची तपासणी बघा, आणि सोनोग्राफीत मुख्य नळीची रुंदी काय लिहिली आहे तेही. साधारण ६ मिमीपर्यंत ठीक. वय वाढतं तशी थोडी जास्त चालते. एलएफटीत बिलिरुबिन किंवा अल्कलाइन फॉस्फटेज वाढलेलं असेल तर आधी एमआरसीपी, म्हणजे पित्तनळीचा एमआरआय, करायची, नळीत खडा दिसला तर ईआरसीपी करून तोंडावाटे दुर्बीण घालून तो काढायचा, आणि मग पित्ताशय.

कुळथाचं पाणी लोक मुतखड्यासाठी पितात. लघवीचा मार्ग वेगळा, पित्ताचा वेगळा. कुळथाच्या पाण्याने पित्ताशयातला खडा विरघळत नाही. मामांना हे प्रेमाने समजावा. युर्सोडीऑक्सिकोलिक आम्लाच्या गोळ्या खऱ्या आहेत, पण त्या फक्त लहान, कॅल्शियम नसलेल्या, कोलेस्टेरॉलच्या खड्यांवर काही महिन्यांत चालतात, आणि बंद केल्यावर पुष्कळांना पाच वर्षांत पुन्हा खडे होतात. १२ मिमीच्या खड्याला त्या देणं म्हणजे वेळ घालवणं. तेल आणि लिंबाचा रस पिऊन शौचातून ‘खडे’ पडल्याचे व्हिडिओही तुम्हाला कुणी पाठवेल. पोटात तेलाचा साबण होऊन त्या हिरव्या गोळ्या तयार होतात. नंतर सोनोग्राफी केली की खडे जिथल्या तिथे.

नुसते खडे काढून पिशवी ठेवता येत नाही का, हेही घरात विचारतील. नाही, कारण पिशवीच आजारी असते. ठेवली तर खडे पुन्हा होतात. पचनाची भीती मात्र सोडा. पित्त यकृत बनवतं, दिवसाला अर्धा ते एक लिटर. पित्ताशय त्यातलं ३० ते ५० मिली साठवून घट्ट करतं, एवढंच. ते काढल्यावर पित्त थेट आतड्यात उतरतं. काही जणांना थोडे दिवस शौचाला पातळ होतं, क्वचित कुणाला ते लांबतं आणि त्यावर औषध आहे. आठवडाभर पेज, मऊ भात, कमी तेल. नंतर बांगड्याचं हुमणसुद्धा (माशाची आमटी) चालतं.

ऑपरेशन पूर्ण भूल देऊन होतं. पोटात कार्बन डायऑक्साइड भरून जागा करतात, बहुधा चार छोट्या छिद्रांतून काम होतं आणि पिशवी बेंबीतून बाहेर येते. दुसऱ्या दिवशी खांदा दुखला तर घाबरू नका, तो त्या वायूने. भारतात हे पहिल्यांदा १९९० मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेम्तन उडवाडिया यांनी केलं. आज हे आमचं रोजचं काम आहे. तरी मुख्य नळीला इजा होण्याचा धोका असतो, हजारात तीन-चार जणांना. म्हणून तुमच्या सर्जननी मध्येच ‘नीट दिसत नाही, पोट उघडतो’ असं ठरवलं तर त्यांच्यावर रागावू नका. तो पेशंटला जपणारा निर्णय असतो. काढलेली पिशवी तपासणीला पाठवली का, हे मात्र आवर्जून विचारा आणि तो रिपोर्ट घ्या. कॅन्सर क्वचितच निघतो, पण निघाला तर बहुतेक वेळा तो त्या तपासणीतच पहिल्यांदा कळतो.

बेळगावला जायची गरज नाही. बांबोळीच्या गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयात) आणि म्हापशाच्या जिल्हा इस्पितळात सर्जरी विभाग आहेत. खाजगीत करायचं असेल तर गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड बघा, त्यात इलाजाचा खर्च मिळतो: तीन जणांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला २.५ लाख, त्याहून मोठ्याला ४ लाख. इस्पितळ योजनेत आहे का आणि आधी मंजुरी लागते का, ते तिथल्या काउंटरवर विचारून घ्या. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना सांगा. ऑपरेशनच्या सकाळी मधुमेहाच्या गोळ्या मनाने घेऊ नका.

तोवर ताप आला, कळ पाच-सहा तासांत थांबली नाही, डोळे पिवळे झाले किंवा उलट्या थांबेनात, तर सकाळची वाट बघू नका. १०८ बोलवा आणि बांबोळी गाठा.

आणि चवथीबद्दल. नेवऱ्या (करंज्या) आणि इतर तळलेलं घरात झालं की नेमकी याच पेशंटना कळ येते, आणि त्या दिवसांत सगळा स्टाफही जागेवर नसतो. आता तारीख घेतली तर आई चवथीला हिंडत्या-फिरत्या असतील. फक्त गणपतीच्या वर फळं-भाज्या टांगायची जड माटोळी बांधायला हात लावायचा नाही, आणि नेवऱ्या या वर्षी घरातल्या दुसऱ्या कुणीतरी तळायच्या.